काच दोन बोटे कमी

मोटारसायकलीपुढील काच वारा अडविते. पण तिने दृष्टीच अडविली तर? बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाताना, आषाढातल्या एका सायंकाळी, मी हा प्रसंग अनुभवला. काचेची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर येई. समोरून मोटार आली की ओल्या काचेवर प्रकाश पसरे आणि रस्ता नाहीसा होई.

घरी येताच काच कापावयाचे ठरविले. शिरस्त्राण घालून नेहमीसारखे आसनावर बसलो आणि पत्नीस नाकाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर खूण करावयास सांगितले. नजर कडेवरून जावी, काचेतून नव्हे, हा हेतू.

ही खरी काच नव्हेच. ती बहुधा ॲक्रिलिकची किंवा पॉलिकार्बोनेटची असते. पहिले ठिसूळ, दुसरे चिवट. दोन्ही बाजूंस कागदी चिकटपट्टी लावावी, काच फळीवर आवळावी आणि बारीक दातांच्या करवतीने सावकाश कापावी. घाई केल्यास उष्णतेने प्लास्टिक मऊ होऊन पाते अडकते. कड कानशीने व पॉलिशपेपरने गुळगुळीत करावी. राहिलेल्या खाचेतूनच पुढे तडा जातो. पुसण्यास पेट्रोल वापरू नये. साबणाचे पाणी पुरे.

एका वेळी दोनच बोटे कापावी, कारण कापलेले पुन्हा जोडता येत नाही. मी दोनदा मिळून चार बोटे कापली. आता कपाळावर वारा अधिक लागतो, पाऊसही झोंबतो. परंतु घाटातले वळण दिसते, आणि घरची मंडळी निश्चिंत असतात.