१९६९ : देशाचे एक वर्ष आणि आपला तालुका
(केळवे येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या पुस्तकात १९६९ हे साल दोन-तीन ओळींत संपते. परीक्षेपुरते तेवढे पुरतेही. परंतु राजकारण, अर्थकारण, विज्ञान आणि संस्कृती या सर्व क्षेत्रांत एकाच वर्षी मोठ्या घडामोडी व्हाव्यात, अशी वर्षे आपल्या स्वतंत्र देशाच्या वाटचालीत फार थोडी आहेत. त्यांपैकी हे एक होय. शिवाय या वर्षाचा एक धागा केळव्याच्या उत्तरेस, तारापूरच्या किनाऱ्याला येऊन पोहोचतो. म्हणून त्याचा जमाखर्च आपण आपल्या अंगणात बसून मांडावयाचा आहे.

प्रथम एका शिक्षकाची आठवण. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. राष्ट्रपतिभवनात जाण्यापूर्वी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे जामिया मिल्लियात घालविली. बर्लिनची डॉक्टरेट मिळवून ते परतले, १९२६ साली त्या संस्थेचा कारभार हाती घेतला आणि संस्थेजवळ पैसा नसताना अल्प वेतनावर ती १९४८ पर्यंत चालविली. १९३७ साली आपल्या वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाची योजना ज्या समितीने तयार केली, तिचे अध्यक्ष तेच होते. हाताला काम आणि डोक्याला विचार एकत्र शिकवावा, हे त्या योजनेचे सार. त्यांची कबर जामियाच्या आवारातच आहे. शिक्षकाचा याहून मोठा सन्मान कोणता असणार?

त्यांच्या निधनानंतर देशाचे राजकारण ढवळून निघाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि निवडणूक लढविण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपदाचा भार सांभाळला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेला हा विद्यार्थी! निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतांवर निर्णय झाला नाही, दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी यांनी नीलम संजीव रेड्डी यांचा पराभव केला. नोव्हेंबरात काँग्रेस पक्ष दुभंगला.

आता अर्थकारणाकडे वळू. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या या बँका होत्या. बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द ठरविला, तेव्हा सरकारने लगोलग नवा वटहुकूम काढला. त्या वेळी साऱ्या देशात बँकांच्या शाखा सुमारे ८,२६२ होत्या आणि त्या बहुतांशी शहरांत. पानमळेवाला, बागायतदार, होडीवाला यांना सावकाराची पायरी ठाऊक होती, बँकेची नव्हती. पुढे शाखा गावोगाव निघाल्या. पण बँकेत शिरल्यावर पहिली अडचण कोणती? अर्ज वाचता येणे! ज्याला वाचता आले तो कर्ज घेऊन बाहेर पडला. ज्याला आले नाही, तो दुसऱ्याच्या भरवशावर राहिला.

हीच गोष्ट तारापूरची. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र तेथे ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. ज्यांनी हे स्वप्न पाहिले ते डॉ. होमी भाभा तो दिवस पाहावयास राहिले नव्हते. १९६६ साली विमान अपघातात त्यांचे निधन झाले होते. तेथील वीज महाराष्ट्राबरोबर गुजरातलाही गेली. शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, बोईसरचे रूप पालटले. किंमतही चुकवावी लागली. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. प्रकल्प दाराशी आला म्हणजे नोकरी घरात येतेच असे नाही. यंत्रावर उभे राहण्यासाठी प्रमाणपत्र लागते. ते ज्या घरात नव्हते, त्या घराने दुरून दिवे पाहिले.

संस्कृतीच्या क्षेत्रातही हे वर्ष भरलेले होते. मिर्झा गालिबची पुण्यशताब्दी आणि महात्मा गांधींची जन्मशताब्दी, दोन्ही याच वर्षी. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. पण गांधी शताब्दीच्या तोंडावरच, सप्टेंबरात, अहमदाबादेत भीषण दंगल झाली आणि माणुसकीला काळिमा लागला. शताब्दीसाठी आलेल्या खान अब्दुल गफारखानांनी त्या दुःखाने उपवास केला. गौरवाची पाने वाचताना हे पान उलटून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वाचकहो, या साऱ्यातून मला एकच सांगावयाचे आहे. निर्णय दिल्लीत होतात, त्यांचे फळ मात्र शिकलेल्या घरातच पिकते. बँक आली, वीज आली, कारखाना आला. तालीम ज्याच्याजवळ होती त्याच्याच पदरात ते पडले. आजही आपली काही मुले आठवी-नववीतून कामाला लागतात आणि काही मुलींचे दप्तर त्याहून आधी खुंटीला लागते. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलगा असो वा मुलगी, दहावी पूर्ण होईपर्यंत शाळा सोडवू नका आणि त्यानंतर तंत्रशिक्षणाची चौकशी अवश्य करा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एक काम देतो. १९६९ पाहिलेली माणसे आता सत्तरी ओलांडलेली आहेत. आपल्या दादाजी-दादीजवळ, नाना-नानीजवळ बसा. घरात पहिला दिवा कधी लागला, बँकेत पहिले खाते कोणाचे निघाले, घरातील कोण कितवीपर्यंत शिकले, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहून आणा. पुस्तकातील दोन ओळींच्या पुढचा इतिहास त्या वहीत असेल. खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.