पाखरं हाकलणाऱ्या आम्ही पाखरं बघायला गेलो

नाताळच्या सुट्टीत आमच्या बचत गटातल्या बायका, घरची माणसं आणि पोरंटोरं अशी सगळी वरात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर गेली होती. कशाला? तर पक्षी बघायला. "पाखरं बघायला कुणी गाडीभाडं देतं का?" हे आधी घरोघरी ऐकून झालं. बोलणाऱ्यांचंही खोटं नाही. ज्वारी दाण्यात आली की आपण पाखरं बघत नाही, माळ्यावर उभ्या राहून हाकलतो.

उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठानं चालायला लागलो. थंडी मरणाची. उजनीचं धरण भीमेवर आहे. पावसाळ्यानंतर ते भरलेलं असतं आणि पाणी ओसरू लागलं की काठचा चिखल उघडा पडतो. त्यात किडे, गोगलगायी, शेवाळ. पक्ष्यांचं ताट तेच. म्हणून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, भरपूर बघायचे तर जानेवारी सरल्यावर जावं. आम्हाला थोडेच दिसले, पण दिसले. चोच उलटी पाण्यात घालायची आणि आपण पीठ चाळतो तसं पाणी गाळायचं, असं त्याचं खाणं. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं मात्र मळकट करडी असतात. एका पोरीनं विचारलं, "यांना आईनं अंघोळ नाही घातली का?"

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंसही होते. त्यांना पट्टकदंब म्हणतात. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून ते इथं येतात. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "आणि आपल्याला माहेरी जायला चार दिवस आधी विचारावं लागतं!"

नावांच्या बाबतीत सगळ्यात पुढं आमच्या एका आजी होत्या. टिटवी, खंड्या, ढोक, पाणकावळा, धोबी त्यांना आवाजावरून, चालीवरून कळत होते. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या रानात खड्यांमध्ये अंडी घालते, पाय पडला तरी कळत नाही, हे त्यांनीच पोरांना सांगितलं. पुस्तकं पोरांकडे होती, पण पोरं आजींच्याच मागं.

फोटो आम्ही मोबाईलवरच काढले. बोटांनी फार मोठं करून काढलेला फोटो नुसता धुरकट येतो. त्यापेक्षा ऊन पाठीशी ठेवून, पाणी आणि थवा मिळून काढला तर छान येतो. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल लावूनही काढता येतो, हात तेवढा थिर हवा.

होडीत बसल्यावर एक मुलगा म्हणाला, "काका, जरा उडवा ना, उडताना फोटो मस्त येतो." बरेच जण असं सांगतात म्हणे. त्याची आईच म्हणाली, "तुला जेवताना ताटावरनं उठवलं तर?" लांबचा प्रवास करून आलेलं पाखरू इथं अंगात बळ भरायला येतं. प्रत्येक वेळी उडवलं की ते बळ खर्ची पडतं. नावाडीदादांनी इंजिन लांबच बंद केलं आणि आम्ही गप्प बसलो. इतक्या बायका इतका वेळ गप्प, हेही बघण्यासारखंच!

संध्याकाळी आभाळात काळा ढग वळत-मुरडत आला. भोरड्या! गुलाबी अंग, काळं डोकं. आपल्या ज्वारीच्या वैरिणी. मध्य आशियात पिल्लं वाढवताना त्या टोळ, नाकतोडे खातात आणि हिवाळ्याला इकडे येतात. इथंही किडे खातात, पळस-पांगाऱ्याचा मध पितात, आणि आपली कणसंही. मग राखण सोडायची का? मुळीच नाही, वर्षाची भाकरी आहे ती. पण गोफणीच्या आवाजानं, डब्यानं, चमकत्या पट्टीनं थवा उठतो, मरत नाही. दाण्याला विष लावलं तर मात्र भोरडीबरोबर चिमणी, होला, कोंबडी सगळीच जातात. आमच्या गटात यावर अजून वाद चालू आहे, कारण ज्यांचं रान थव्याच्या वाटेवर आहे त्यांचं नुकसान खरंच होतं. तुमच्याकडे राखणीची कोणती युक्ती चालते, ते आम्हाला कळवा.

आणि आणखी एक. पोरांनी त्या दिवसाची वही केली आहे. त्यात आजींनी सांगितलेली नावं आहेत. भोरडीला, ढोकाला, टिटवीला तुमच्या गावात काय म्हणतात, तेही रेडिओवर पाठवा. वहीची बरीच पानं कोरी आहेत.