अवशेषांचे वाचन



प्राचीन अवशेष पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या तोंडी एक तक्रार हमखास असते : तेथे पाहण्यासारखे आता काय उरले आहे? ही तक्रार मी नालंदेत प्रत्यक्ष ऐकली. पाटण्याहून निघालेल्या बसमध्ये आम्ही अवघे चौदा जण होतो. राजगीर, नालंदा आणि पावापुरी ही तिन्ही स्थळे एका दिवसात दाखविण्याचे आयोजकांनी ठरविले होते, आणि नालंदेच्या वाट्याला पाऊण तास आला होता. तो संपण्यापूर्वीच आमच्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “विटा पाहिल्या, पुढेही विटाच आहेत. चला.”

त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. नालंदेत दिसतात त्या विटाच. एका बाजूला विहारांची ओळ, समोर मंदिरांची. प्रत्येक विहाराची रचना बहुतांशी सारखी : मध्ये अंगण, भोवती ओसरी, ओसरीलगत भिक्षूंच्या खोल्या आणि सांडपाण्याची गटारे. 1915 ते 1937 या काळात पुरातत्त्व खात्याने येथे विस्तृत उत्खनन केले. 2016 साली या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. परंतु एवढ्या माहितीने विटा बोलू लागत नाहीत.

त्या कशाने बोलू लागतात, याचे उत्तर या स्थळाच्या शोधातच आहे. 1812 च्या सुमारास फ्रान्सिस बुकॅनन बडगावला आला. त्याने हेच ढिगारे पाहिले. पण ही नालंदा आहे, हे त्याला उमगले नाही. अर्ध्या शतकानंतर, 1861-62 च्या पाहणीत, अलेक्झांडर कनिंगहॅम याने हे स्थळ म्हणजेच नालंदा असे निश्चित केले. ढिगारे तेच होते. फरक इतकाच, की मधल्या काळात स्तानिस्लास ज्युलियँ या पंडिताने ह्युएन त्संगचा वृत्तान्त चिनी भाषेतून फ्रेंचमध्ये आणला होता. त्या वृत्तान्तातील अंतरे व दिशा कनिंगहॅमने भूमीवर ताडून पाहिल्या आणि तेथील लेखांत आलेल्या नालंदेच्या नावाशी त्यांचा मेळ घातला. एका भाषांतराने मातीखालचे गाव वर आणले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ह्युएन त्संग स्वतःही भाषांतरकारच होता. सातव्या शतकात नालंदेत शीलभद्रापाशी अध्ययन करून 645 साली तो स्वदेशी परतला, तेव्हा त्याच्याजवळ 657 ग्रंथ होते. उरलेले आयुष्य त्याने त्यांच्या भाषांतरात घालविले. नालंदेचा ग्रंथसंग्रह पुढे नष्ट झाला. भारतात मूळ संस्कृत संहिता हरवलेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज चिनी आणि तिबेटी भाषांतरांतच वाचावयास मिळतात.

त्या दिवशी माझ्या पिशवीत अशीच काही भाषांतरे होती. मी सहप्रवाशांना विनंती केली, की सर्वत्र धावपळ करण्याऐवजी एकाच विहाराच्या अंगणात बसू. गट लहान होता, म्हणूनच हे जमले. चाळीस-पन्नास जणांची समजूत कोण घालणार? मी इत्सिंगच्या वृत्तान्तातील मजकूर सांगितला. ह्युएन त्संगनंतर काही दशकांनी तो येथे येऊन राहिला. येथे तीन हजारांवर भिक्षू असत. सकाळी घंटा झाली, की ते जवळच्या तलावांवर स्नानाला जात. वेळ घटिकापात्राने मोजली जाई. मग एका विहारात 1921 साली सापडलेल्या ताम्रपटाची हकीकत सांगितली. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने येथे विहार बांधविला आणि त्याच्या विनंतीवरून देवपालाने पाच गावे दान दिली. भिक्षूंच्या निर्वाहाबरोबरच ग्रंथांच्या लेखनाचीही तरतूद त्या दानात होती. ते वयोवृद्ध गृहस्थ उठले, एका खोलीच्या उंबरठ्याशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “म्हणजे नकला करणारा येथेच कोठेतरी बसत असेल.” घाई करणारे ते आता हलेनात.

शेवटी मी धर्मस्वामीविषयी सांगितले. हाही भाषांतरकारच, तिबेटी परंपरेत त्याला ‘लोत्सावा’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच भाषांतरकार असा आहे. 1235 च्या सुमारास तो नालंदेत आला, तेव्हा बहुतेक इमारती उद्ध्वस्त झाल्या होत्या. तरीही नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र तेथे सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. सैनिक येत असल्याची वार्ता आली आणि बाकीचे निघून गेले. धर्मस्वामीने मात्र वृद्ध गुरूंना खांद्यावर घेतले आणि जवळच्या एका मंदिराच्या आश्रयाला नेले. हा वृत्तान्तही तिबेटी भाषेत टिकला आणि भाषांतरामुळेच आपल्यापर्यंत पोहोचला.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. अवशेष पाहावयास निघताना त्या स्थळासंबंधी एखादे तरी पुस्तक आधी वाचावे, बसमध्ये ते एकमेकांना सांगावे आणि तेथे पोहोचल्यावर एकच जागा निवडून सावकाश पाहावी. सर्व काही पाहिल्याचे समाधान त्यात मिळणार नाही. आम्हांलाही पावापुरीला पोहोचेतो अंधार पडला होता. पण त्याबद्दल बसमध्ये कोणी कुरकुर केली नाही. वाटेत त्या वयोवृद्ध गृहस्थांनी मजपाशी ते पुस्तक वाचावयास मागितले. ग्रंथालयांतून अशी पुस्तके ठेवली जातात, ती याच कामासाठी, असे मी मानतो.