कोल्हापूरचा चित्रवारसा

कोल्हापूरकर जुन्या स्टुडिओंविषयी हळवे झाले की, हा नुसता स्मरणरंजनाचा सोस, असा आक्षेप येतो. मला तो पटत नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी सहकारी दामल्यांच्या मदतीने चित्रीकरणाचा कॅमेरा याच गावात घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांचे बहुतेक मूकपट आज हाती नाहीत. मग जपायचे काय, असे कुणी विचारील. जपायची ती कारागिरी! दामले, फत्तेलाल, शांताराम याच कंपनीत घडले आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ ही चित्रसंस्था उभी केली, तीही कोल्हापुरातच. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ पुढे पुण्यात झाला, पण त्याच्या दिग्दर्शकांची, दामले-फत्तेलालांची, तालीम इथली. म्हणूनच कोल्हापुरातल्या जुन्या जयप्रभा स्टुडिओची जागा वाचवायला २०२२ मध्ये इथले कलावंत उपोषणाला बसले.