आतला ठोका आणि बाहेरचा शब्द



संगणक हा माझा प्रांत नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या करारांत गेले. पण करार जसा मालक-मजुरांत असतो, तसाच तो यंत्राच्या पोटातही असतो, हे मी वाचनातून शिकलो. तेवढेच आज सांगणार आहे.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा कारखान्यातला मुकादमच समजा. कोणाला किती वेळ काम द्यायचे हे तो ठरवतो, आणि त्यासाठी घड्याळाचे ठोके मोजतो. इंटेल जातीच्या यंत्रांवर आरंभी सेकंदाला १०० ठोके पडत. कोणत्या प्रोग्रामने किती वेळ खाल्ला, याचा हिशेबही कर्नल ठोक्यांतच देई. वाचणारे प्रोग्राम त्याला १०० ने भागून सेकंद काढीत. ठोके किती, हे विचारण्याची रीतसर सोय होती. अल्फा यंत्रांवर तर ते १०२४ होते. तरी पुष्कळांनी न विचारता १०० हाच आकडा आपल्या प्रोग्रामात कोरून टाकला.

२००२ साली २.५ या विकासमालिकेत ठोके १००० झाले. हेतू चांगला होता. दहा मिलिसेकंदांऐवजी एका मिलिसेकंदाच्या बारकाईने काम वाटता येणार होते. पण हिशेबाचे काय? साठ सेकंदांचे साठ हजार ठोके १०० ने भागले की सहाशे सेकंद होतात. एका मिनिटाचे काम दहा मिनिटांचे दिसणार!

कोणी म्हणेल, चूक न विचारणाऱ्यांची. भोगू द्या त्यांना. कारखान्यातही हेच ऐकू येते : "लेखी कुठे होते?" पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने याचा विचार केला होता. त्यातील कलम ९-अ प्रमाणे चौथ्या परिशिष्टातील बदलांना एकवीस दिवसांची नोटीस लागे, आणि त्या परिशिष्टात रूढ सवलत काढून घेणे व वहिवाट बदलणे हेही होते. ज्या गोष्टीवर माणसे वर्षानुवर्षे विसंबली, ती कागदावर नसली तरी शब्दच असते.

कर्नलकारांनी तोडगा काढला. आतला ठोका हवा तो ठेवावा. बाहेर हिशेब देताना त्याचे शंभराच्या मापात रूपांतर करून द्यावे. कर्नल बदलल्याने चालता प्रोग्राम मोडू नये, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रह जाहीरच आहे. २००५ साली १००, २५० व १००० यांतून निवड करता येऊ लागली. २००७ पासून यंत्र रिकामे असताना ठोका थांबवण्याचीही सोय आली. बाहेरचे शंभराचे माप मात्र हलले नाही.

मग हे खोटे बोलणे झाले काय? मला तसे वाटत नाही. हॉर्सपॉवरमध्ये आज घोडा कुठे आहे? माप ठरले की ते दोघांचे होते. एकाने परस्पर बदलायचे नसते. याची किंमतही आहे : आतली बारकाई त्या जुन्या मापातून बाहेर दिसत नाही. तिच्यासाठी वेगळी, नवी वाट काढावी लागते.

मित्रहो, सुधारणेला आमचा विरोध कधीच नव्हता. यंत्र दहापट वेगाने चालवा. मात्र रूपांतराचा भार बदल करणाऱ्याने उचलावा; ज्याला विचारलेच नाही त्याच्या हिशेबात तो टाकू नये. एवढेच आमचे मागणे आहे.