गोल पेशी, विळ्याची पेशी आणि मधला बांध

 

शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या भागातल्या बैठकींत आम्हाला हल्ली एक प्रश्न येतो. "ताई, आता कॉम्प्युटर रक्ताचा फोटो बघून सिकलसेल ओळखतो म्हणे. मग पुन्हा मोठ्या तपासणीला कशाला जायचं?" प्रश्न चांगला आहे. त्यासाठी कॉम्प्युटर ओळखतो म्हणजे काय करतो, ते आधी बघू.

सिकलसेल आई-बापाकडून येतो. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा अशा समाजांत तो आढळतो. यात कोणाचं पाप नाही की कोणाचा शाप नाही. ज्याच्या अंगात हा गुण अर्धाच आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ज्याला दोन्हीकडून येतो, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग सांधे, पोट, छाती दुखून माणूस तळमळतो.

आता फोटो. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींचे फोटो घ्यायचे. प्रत्येक पेशीची लांबी, रुंदी, गोलाई मोजायची. कोणती गोल आणि कोणती विळ्याची, हे आधी जाणकार माणसानं सांगायचं. ते माणसानंच सांगावं लागतं, हे विसरू नका. मग कॉम्प्युटर दोन्ही ढिगांच्या मधून एक हद्द आखतो. ही आखण्याची एक रीत म्हणजे सपोर्ट व्हेक्टर मशीन. नावात मशीन असलं तरी शिलाई मशीनसारखं काही दिसायचं नाही, हा नुसता हिशेब आहे. व्लादिमीर वाप्निक आणि सहकाऱ्यांनी मॉस्कोत 1960 च्या दशकात त्याचा पाया घातला. आज ज्या रूपात ती रीत वापरतात, ते वाप्निक आणि कोरिना कॉर्टेस यांनी 1995 मध्ये मांडलं.

दोन शेतांच्या मधे रेघ तर कुठूनही मारता येते. ही रीत मात्र रुंदात रुंद बांध शोधते. दोन्ही बाजूंना जितकी जास्त जागा सुटेल तितकं बरं, म्हणजे उद्या नवी पेशी आली तर चुकीच्या शेतात पडायची भीती कमी. आणि बांध कुठे पडणार हे शेताच्या मधोमध असलेल्या, ठसठशीत गोल पेशी ठरवत नाहीत. ते ठरवतात काठावरच्या, धड गोल नाही धड विळा नाही अशा पेशी. त्यांनाच सपोर्ट व्हेक्टर म्हणतात. बाकीच्या काढून टाकल्या तरी बांध हलत नाही.

कधी दोन्ही ढीग असे मिसळलेले असतात की सरळ बांध घालताच येत नाही. तेव्हा आपण दादर उफणताना करतो तेच. सुपात दाणा आणि भुसा एकत्र असतात, पण वारा धरून वरून सोडलं की दाणा पायाशी पडतो आणि भुसा लांब जातो. या रीतीतही मापांना असंच उंच उचलून बघतात, आणि खाली न दिसणारी वाट वर दिसते.

एक धोका सांगतो. समजा शंभर जणींत पाच आजारी आहेत. कॉम्प्युटरनं सगळ्यांना "ठीक" म्हटलं तरी तो शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर! म्हणून "पंच्याण्णव टक्के अचूक" ऐकलं की विचारायचं, आजारी असलेल्यांपैकी किती सापडले? आजारी माणूस सुटला तर ती चूक जास्त महाग धरायची, असं या हिशेबाला सांगता येतं. पण ते सांगणारं कोणीतरी लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे. वाहक, म्हणजे ज्याच्यात हा गुण अर्धाच आहे, त्याच्या पेशी साध्या फोटोत बहुधा गोलच दिसतात. तिथे बांध कितीही रुंद घाला, वाहक निरोगी माणसाच्याच शेतात राहणार. माप पेशीच्या आकाराचं आहे, आणि वाहकाचा फरक आकारात नाही, हिमोग्लोबिनमध्ये आहे. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी रक्त गढूळ झालं की गुण आहे एवढं सांगते. पण अर्धा की पूर्ण, हे तिलाही कळत नाही. ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीत कळतं.

हे लग्नाच्या वेळी नडतं. नवरा-बायको दोघं वाहक असले, दोघंही धडधाकट दिसतात, शेतात राबतात. तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. वाहक आहे म्हणून मुलीचं लग्न मोडायचं, हे मात्र आम्हाला मान्य नाही. दोन्हीकडचं कळलं की डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवता येतं.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी तिच्यात धरली आहे. शिबिर आलं की जा, आणि हातात कागद पडला की त्यावर कोणती तपासणी केली ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटाच्या सचिवताईला दाखवा. नुसतं "पॉझिटिव्ह" लिहिलं असेल तर पुढच्या तपासणीची तारीख आशाताईंकडून तिथल्या तिथे मागून घ्या. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सोल्युबिलिटीच्या निकालावर विसंबू नका. आणि तो कागद नवऱ्याच्या कागदासोबत, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.