पत्र्याच्या पेटीतला पुरावा



या मालेत विद्वानांची व्याख्याने होतात. माझे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे झाले ते रोह्याच्या वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा ‘डिजिटल ग्रंथालये आणि आपला इतिहास’ या विषयावर मी यंत्राच्या बाजूने बोलणार नाही. कागदाच्या बाजूने बोलेन.

आधी एक अनुभव सांगतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला एक कामगार निवृत्त झाला. ग्रॅच्युइटीचा कायदा तेव्हा 1972 चा होता. नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावयाचा. मालकाने पहिली सहा वर्षे हिशेबात धरलीच नाहीत. जुनी हजेरीपुस्तके पावसात गेली, असे उत्तर मिळाले. आम्ही युनियनची माणसे तोंडी साक्षी गोळा करीत हिंडलो. शेवटी त्याच्या बायकोने घरातली पत्र्याची पेटी उघडली. लग्नातल्या लुगड्याखाली पहिल्या पगाराची चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती. बाईला वाचता येत नव्हते; पण नवऱ्याच्या घामाचा कागद टाकू नये, एवढे कळत होते. त्या चिठ्ठीने सहा वर्षे परत मिळवून दिली. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चाललो आहे, की गरिबाचा इतिहास ही दिवाणखान्यातली शोभेची वस्तू नव्हे. तो त्याच्या हक्काचा पुरावा आहे.

आता याच जिल्ह्यातली मोठी गोष्ट पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरात पडून राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. लगेच ऑगस्टात नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात विरोधकांनी कोर्टातून मनाई आणली. दावा पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला. वादी म्हणत होते, की फक्त स्पृश्यांनीच तळे वापरावे ही रूढी अनादी काळापासूनची आहे. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अशी रूढी शाबीत झालेली नाही. श्रोतेहो, ‘हे असेच चालत आले आहे’ या वाक्याने आपल्या देशात किती पिढ्या मान खाली घालून काढल्या! पण कोणी पुरावा मागताच ते वाक्य उघडे पडले.

तो निकाल आज तुमच्या हातातल्या मोबाइलवर वाचता येतो. 1883 चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर तेथे आहे. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ राज्य शासनाने 1990 साली पुन्हा छापले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. महाडच्या परिषदेसाठी 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. कोणी तरी तो खर्च टिपून ठेवला, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्या एका आकड्यात जेवढे दुःख आहे, तेवढे माझ्यासारख्याच्या शंभर भाषणांत येणार नाही.

पण हे बहुतेक सारे छापील. साहेबाने लिहविलेले, कोर्टाने लिहिलेले, पुढाऱ्यांनी छापलेले. ज्यांनी सोसले त्यांचे कागद कोठे आहेत? अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप घ्या. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी 1933 साली खोतांची जमीन कसणे सोडले आणि 1939 पर्यंत ते हटले नाहीत. पुढाऱ्याचे नाव राहिले, ते योग्यच. पण त्या सहा वर्षांत चूल कशी पेटली, उसने कोणी दिले, कोणत्या बाईने काय गहाण टाकले? हे गॅझेटियरात सापडत नाही. सापडले तर एखाद्या नातवाच्या माळ्यावर सापडेल.

आणि आपला मुलूख पावसाचा. 26 जुलै 2005 आठवा, 2021 च्या जुलैतले महाड आठवा. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने त्या दोन्ही पुरांत आपले ग्रंथ गमावले. जेथे ग्रंथालय बुडते, तेथे माळ्यावरच्या बोचक्याची काय कथा!

यावर उपाय पेणकरांना मी काय सांगावा? हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत मूळ मूर्ती एक असते, साचा निघाला की हजारो होतात. एक फुटली तरी काम अडत नाही. कागदाची संगणकावरची प्रत म्हणजे हा साचा. पण म्हणून कोणी मूळ मूर्ती उकिरड्यावर टाकीत नाही. संगणकाची तबकडीही बिघडते, संकेतस्थळेही बंद पडतात. मूळ जपावे, आणि प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात; त्यांतली एक तरी नदीपासून दूर.

काम अवघड नाही. कागद घरातून नेऊ नये. मालकाच्या देखत प्रत काढावी आणि कागद त्याच्या हातात परत द्यावा. इंचाला 300 ठिपके, एवढी स्पष्टता पुरते. प्रत्येक प्रतीबरोबर मराठीत चार ओळी लिहाव्यात: कोणाचा कागद, कोणते गाव, कोणते साल, कोणी सांगितले. नाव-गाव नसलेले दहा हजार फोटो म्हणजे चाव्या हरवलेली दहा हजार कुलुपे! आणि परवानगी विचारावी. संपकऱ्यांच्या यादीतले नाव आजही एखाद्याच्या पोराला नोकरीत नडू शकते. ते उघडे करण्याचा अधिकार आपला नव्हे, त्या घराचा आहे.

माझी मागणी लहान आहे, आणि मागण्या मांडण्यात माझे आयुष्य गेले आहे. येत्या 1 मेला पेणच्या आणि रोह्याच्या वाचनालयांत एकेक टेबल मांडावे, एक स्कॅनर आणि अक्षर चांगले असलेली दोन मुले बसवावीत. पावत्या, पत्रके, इतिवृत्ताच्या वह्या, जे कोणी आणील ते घ्यावे. यंत्राचा खर्च आमची युनियन वर्गणीतून करील.

तुम्ही मात्र आज घरी गेल्यावर एकच करा. आजीला तिची पेटी उघडायला सांगा, आणि ती एकेक कागद काढील तसतसे, हा कशाचा, म्हणून विचारा. ती सांगेल ते लिहून घ्या. कागद उद्याही मिळेल कदाचित. सांगणारी उद्या असेलच असे नाही.